वाचकांच्या शंका : जुने ठरावीक वारंवारतेचे मॉनिटर आणि संगणकाचे ग्राफिक्स कार्ड

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरांबद्दल आहेत. त्यांची उत्तरे एकत्रच देत आहोत. पहिले उत्तर लांबले आहे, कारण पुढची उत्तरे त्याच्याच आधाराने समजतात.

प्रश्न : आमच्या आरेखन कार्यालयाने निकालात काढलेला सन मायक्रोसिस्टम्सचा एकोणीस इंची रंगीत मॉनिटर मी घरी आणला आहे. त्याच्या मागच्या पट्टीवर ६१.८ किलोहर्ट्झ आणि ६६ हर्ट्झ असे आकडे आहेत. केबलच्या टोकाला नेहमीच्या पंधरा पिनांऐवजी तीन जाड गोल जोडण्या आणि दहा बारीक पिना असलेला प्लग आहे. अडॅप्टर घेऊन तो घरच्या संगणकाला जोडला, तेव्हा पडद्यावर तिरप्या फाटलेल्या रेषा दिसल्या आणि आतून शिट्टीसारखा आवाज आला. मॉनिटर ११५२ × ९०० बिंदूंचा आहे आणि ग्राफिक्स कार्डाच्या यादीत ११५२ × ८६४ असे रिझोल्यूशन आहे. फरक इतका किरकोळ असताना चित्र का येत नाही? मॉनिटर बिघडला असेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : मॉनिटर बिघडलेला असण्याची शक्यता कमी आहे, मात्र याच स्थितीत तो पुन्हा पुन्हा लावून पाहिला तर नक्की बिघडेल. शिट्टीसारखा आवाज येताच वीज बंद करावी आणि पुढील मजकूर वाचून होईपर्यंत केबल काढून ठेवावी.

आपण रिझोल्यूशनची तुलना केलीत, पण अशा मॉनिटरला रिझोल्यूशन ठाऊकच नसते. नळीतील इलेक्ट्रॉनचा झोत डावीकडून उजवीकडे एक रेघ ओढतो, झटक्यात परत येतो आणि पुढची रेघ ओढतो. एका सेकंदात अशा किती रेघा ओढायच्या, ही झाली आडवी वारंवारता. आपल्या मॉनिटरमध्ये ती सेकंदाला सुमारे ६१,८०० रेघा अशी कारखान्यातच बांधून दिलेली आहे आणि तिच्यात अगदी थोडाच फरक त्याला सोसतो. एका रेघेत किती बिंदू भरायचे हे ग्राफिक्स कार्ड ठरवते. मॉनिटरच्या दृष्टीने ती रेघ म्हणजे केवळ कमीजास्त होणारा विजेचा दाब असतो. व्हेसा या मॉनिटरांची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या प्रमाणातील ११५२ × ८६४ हा मोड सेकंदाला ७५ चित्रे दाखवतो आणि त्याची आडवी वारंवारता ६७.५ किलोहर्ट्झ आहे. बिंदूंची संख्या जवळपास जुळली तरी रेघांचा वेग जवळपास सहा किलोहर्ट्झने चुकतो आणि म्हणून चित्र फाटते.

याचा अर्थ असा की काम मॉनिटरवर करायचे नसून कार्डावर करायचे आहे. मॉनिटर उघडून आतली वारंवारता बदलण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. झोत परत आणणारे परिपथ त्या एकाच वेगासाठी जुळवलेले असतात, आणि नळीच्या बाजूला असलेल्या उच्चदाबाच्या टोकावर वीज बंद केल्यानंतरही प्रभार टिकून राहतो.

कार्डाला नवा मोड शिकवण्यासाठी चार आकडे आडव्या दिशेचे, चार उभ्या दिशेचे आणि एक पिक्सेल क्लॉकचा, म्हणजे सेकंदाला किती बिंदू पाठवायचे याचा, लागतो. प्रत्येक रेघेत दिसणाऱ्या बिंदूंनंतर थोडा रिकामा अवकाश असतो, ज्याला फ्रंट पोर्च म्हणतात. मग सिंकचा, म्हणजे झोताला परत फिरण्याची वेळ सांगणारा, स्पंद येतो. आणि नंतर झोत स्थिर होण्यासाठी पुन्हा रिकामा अवकाश, म्हणजे बॅक पोर्च, असतो. सनच्या यंत्रांवर ११५२ × ९०० आणि ६६ हर्ट्झ या मोडसाठी वापरलेले आकडे असे होते : पिक्सेल क्लॉक ९४.५ मेगाहर्ट्झ, आडव्या दिशेला ११५२ बिंदू दृश्य, ४० फ्रंट पोर्च, १२८ सिंक, २०८ बॅक पोर्च, उभ्या दिशेला ९०० रेघा दृश्य, २ फ्रंट पोर्च, ८ सिंक, २७ बॅक पोर्च. आडवी बेरीज १५२८ येते. ९४.५ मेगाहर्ट्झला १५२८ ने भागल्यास ६१.८४५ किलोहर्ट्झ मिळतात. उभी बेरीज ९३७ येते, आणि ६१,८४५ ला ९३७ ने भागल्यास बरोबर ६६ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ६६ चित्रे, मिळतात. हा भागाकार आपण स्वतः कागदावर करून पाहावा, कारण इतर कोणत्याही ठरावीक वारंवारतेच्या मॉनिटरसाठी तोच करावा लागतो.

लिनक्समध्ये हेच आकडे मोडलाइन या स्वरूपात लिहितात. तेथे पोर्च वेगळे न देता चढत्या क्रमाने स्थाने दिली जातात : आडव्या दिशेला ११५२, ११९२, १३२०, १५२८ आणि उभ्या दिशेला ९००, ९०२, ९१०, ९३७. जुन्या एक्स विंडो प्रणालीत ही ओळ मॉनिटरच्या विभागात लिहीत. आता एक्सरँडआर या आज्ञेने तो मोड नव्याने घोषित करून हव्या त्या आउटपुटला जोडता येतो. सीव्हीटी किंवा जीटीएफ या आज्ञा आपोआप मोडलाइन काढून देतात, पण त्यांना रिझोल्यूशन आणि सेकंदाला किती चित्रे हवीत तो दर दिला की आडवी वारंवारता त्या आपल्या सूत्राने ठरवतात. आपल्याला नेमका तोच आकडा बांधून ठेवायचा असल्यामुळे या कामी त्यांच्यावर विसंबू नये. विंडोजमध्ये कस्टम रिझोल्यूशन युटिलिटीसारख्या छोट्या कार्यक्रमांतून किंवा कार्डाच्या स्वतःच्या नियंत्रण फलकातून पोर्च आणि सिंक यांचे आकडे हाताने भरता येतात.

एक अडचण येथेच येते. मॉनिटर स्वतःची ओळख संगणकाला सांगतो ती डीडीसी नावाची सोय व्हेसाने १९९४ साली आणली. आपल्या मॉनिटरमध्ये ती नाही, त्यामुळे कार्डाला कधी मॉनिटर जोडलेलाच नाही असे वाटते, तर कधी ते बिचकून ६४० × ४८० वर उतरते. लिनक्समध्ये आउटपुट चालूच आहे असे कर्नेलला बजावता येते, किंवा ओळखीची फाइल हाताने तयार करून ती सुरुवातीलाच वाचायला लावता येते. दुसरा मार्ग अधिक पक्का, कारण मग काळ्या पडद्यावरचा मजकूरही त्याच मोडमध्ये उमटतो.

आता प्लगविषयी. आपण वर्णन केलेल्या प्लगला १३डब्ल्यू३ म्हणतात. तीन जाड जोडण्यांतून लाल, हिरवा आणि निळा हे संकेत समाक्षी तारांनी येतात. दहा बारीक पिनांवर सिंक आणि इतर गोष्टी असतात. हाच प्लग सन आणि सिलिकॉन ग्राफिक्स या दोघांनीही वापरला, पण बारीक पिनांची मांडणी दोघांची निराळी. एकासाठी बनवलेला अडॅप्टर दुसऱ्याला लावला तर रंग पोहोचतात आणि सिंक पोहोचत नाही. शिवाय बाजारात मिळणारे बरेच अडॅप्टर उलट्या कामाचे असतात : सनच्या यंत्राला साधा मॉनिटर जोडण्यासाठी. आपल्याला ज्याच्या एका टोकाला १३डब्ल्यू३ ची मादी आणि दुसऱ्या टोकाला पंधरा पिनांचा नर प्लग आहे असा, सनच्या मांडणीचा अडॅप्टर हवा.

तो मिळाला तरी सिंकचा एक प्रश्न उरतो. पीसीचे कार्ड आडवा सिंक पिन १३ वर आणि उभा सिंक पिन १४ वर वेगवेगळे देते. सनच्या रंगीत मॉनिटरांना मात्र दोन्ही एकत्र केलेला संयुक्त सिंक एकाच तारेवर लागतो. काही कार्डे तो स्वतः देऊ शकतात आणि मोडलाइनच्या शेवटी तशी खूण लिहिली की काम होते. आपले कार्ड तसे नसेल तर ७४एचसीटी८६ ही चौदा पिनांची आयसी पुरते. तिच्यात चार एक्स-ऑर गेट, म्हणजे दोन संकेत वेगळे असतील तेव्हाच संकेत देणारे परिपथ, असतात आणि त्यांपैकी एकाला दोन्ही सिंक दिले की बाहेर संयुक्त सिंक मिळतो. येथे बहुतेकांची गफलत होते ती ध्रुवतेची. मॉनिटरला खाली जाणारा, म्हणजे ऋण संयुक्त सिंक हवा असेल तर मोडमध्ये आडवा सिंक ऋण आणि उभा सिंक धन असा ठेवावा. दोन्ही ऋण ठेवले तर बाहेर येणारा सिंक धन असतो. आयसीला लागणारे पाच व्होल्ट अनेक कार्डांच्या पिन ९ वर असतात. तेथे नसतील तर यूएसबीतून घ्यावेत.

एक गोष्ट या सर्वांच्या आधी तपासायची आहे. मॉनिटर परदेशातून आणलेल्या यंत्रांसोबतचा असेल तर मागच्या पट्टीवर वीजदाब किती लिहिला आहे ते पाहावे. फक्त ११० व्होल्टचा मॉनिटर आपल्या २३० व्होल्टवर लावला तर वारंवारतेची चर्चा करायला काही उरणार नाही.

प्रश्न : मी असाच मॉनिटर लिनक्सवर व्यवस्थित चालवला आहे, पण संगणक चालू केल्यापासून डेस्कटॉप येईपर्यंत काहीच दिसत नाही आणि बायोसमध्ये जाता येत नाही. या वेळात मॉनिटरला इजा होते का? तसेच काही जुने कार्यक्रम १०२४ × ७६८ वरच चालतात, ते कसे दाखवावेत?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : संगणक चालू होताना कार्ड मजकुराचा जुना मोड देते. तो ७२० × ४०० बिंदूंचा, ७० हर्ट्झचा असतो आणि त्याची आडवी वारंवारता ३१.४७ किलोहर्ट्झ असते. आपल्या मॉनिटरला हवी असलेली वारंवारता याच्या जवळपास दुप्पट आहे, म्हणून पडद्यावर काही उमटत नाही किंवा एकावर एक चढलेली दोन चित्रे दिसतात.

इजेबद्दल सरसकट होय किंवा नाही म्हणता येत नाही. झोत वळवणाऱ्या वेटोळ्यातून जाणारा प्रवाह प्रत्येक रेघेत हळूहळू चढत जातो आणि रेघेच्या शेवटी ट्रान्झिस्टर तो एकदम तोडतो. ६१.८ किलोहर्ट्झला एका रेघेचा वेळ सुमारे १६ मायक्रोसेकंद असतो, ३१.४७ किलोहर्ट्झला सुमारे ३२. सोडलेला नळ दुप्पट वेळ चालू राहिला तर बादली जशी ओसंडते, तसा हा प्रवाहही दुप्पट उंचीवर पोहोचतो, आणि तो तुटताना उसळणारा विजेचा दाब ट्रान्झिस्टरच्या सहनशक्तीपलीकडे जाऊ शकतो. चांगल्या बनावटीच्या मॉनिटरांत स्वतःचा आंदोलक असतो. बाहेरचा सिंक आवाक्यात नसेल तर तो सिंक दुर्लक्षून आपल्याच वेगाने चालत राहतो आणि काही बिघडत नाही. काहींत संरक्षक परिपथ असतो आणि तो उच्चदाब तोडतो. आपल्याकडच्या मॉनिटरमध्ये यांपैकी काय आहे हे दुरुस्ती-पुस्तिका हाती असल्याशिवाय सांगता येत नाही, म्हणून काहीच नाही असे समजून वागणे शहाणपणाचे.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे डेस्कटॉप आल्यानंतरच मॉनिटरचे बटण दाबावे, आणि संगणक बंद अथवा पुन्हा सुरू करण्याआधी मॉनिटर बंद करावा. ही दुसरी अट लोक विसरतात. पुन्हा सुरू होताना कार्ड त्याच ३१ किलोहर्ट्झच्या मोडमध्ये परत जाते. याहून चांगला उपाय दोन कार्डांचा आहे. मदरबोर्डवरचे ग्राफिक्स मुख्य म्हणून ठेवून त्याला एखादा साधा मॉनिटर जोडावा आणि जुना मॉनिटर वेगळ्या कार्डाला जोडावा. मुख्य नसलेल्या कार्डाला बायोस सहसा जागे करत नाही, त्यामुळे ड्रायव्हर येऊन आपला मोड लावेपर्यंत त्याच्यातून काहीच बाहेर पडत नाही. बायोसमध्ये जाण्याची सोयही मग आपोआप होते. दोन मॉनिटर ठेवायला जागा नसेल तर दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने आत शिरून मोड लावता येतो, पण बायोस तरीही दिसणार नाही.

वीज वाचवणारी सोय, म्हणजे ठरावीक वेळाने सिंकच तोडणारी डीपीएमएस, अशा मॉनिटरवर बंद ठेवावी. ती समजण्याची व्यवस्था त्यांच्यात नसते. पडदा काळा करणारा साधा स्क्रीनसेव्हर चालेल.

१०२४ × ७६८ चा प्रश्न दिसतो त्यापेक्षा सोपा आहे. एकूण बेरजा बदलायच्या नाहीत, म्हणजे १५२८ आणि ९३७ तशाच ठेवायच्या. पिक्सेल क्लॉकही ९४.५ मेगाहर्ट्झच ठेवायचा. आडव्या दिशेला १२८ बिंदू कमी झाले, ते दोन्ही पोर्चमध्ये निम्मे निम्मे वाटून द्यावेत : फ्रंट पोर्च १०४, सिंक १२८, बॅक पोर्च २७२. उभ्या दिशेला १३२ रेघा कमी झाल्या, म्हणून फ्रंट पोर्च ६८, सिंक ८, बॅक पोर्च ९३. मॉनिटरला काहीच बदलल्याचे कळत नाही आणि चित्र चहूबाजूंनी काळ्या पट्टीसह मध्यभागी येते. पडदा पूर्ण भरायचाच असेल तर ११५२ × ९०० कायम ठेवून कार्डाकडूनच चित्र ताणून घ्यावे. अक्षरे थोडी मऊ होतात, पण खेळांत ते खटकत नाही. पूर्ण पडदा व्यापताना मोड स्वतःहून बदलणारे कार्यक्रम मात्र खिडकीतच चालवावेत.

प्रश्न : माझ्या नव्या ग्राफिक्स कार्डावर फक्त एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट आहेत. बाजारात मिळणारा स्वस्त एचडीएमआय ते व्हीजीए रूपांतरक लावून ठरावीक वारंवारतेचा मॉनिटर चालेल का, की जुने कार्डच शोधावे?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : चालू शकेल, पण जुने कार्ड मिळत असेल तर आम्ही तेच सुचवू.

आपला अनुभव एकट्याचा नाही. एएमडीने २०१३ सालच्या आर९ २९० या कार्डापासून आणि एनव्हिडियाने २०१६ सालच्या जीटीएक्स १० मालिकेपासून डीव्हीआय जोडणीतून अ‍ॅनालॉग संकेत काढून टाकला. त्याआधीच्या ज्या कार्डांवर डीव्हीआय-आय, म्हणजे अंकीय आणि अ‍ॅनालॉग दोन्ही संकेत देणारे, सॉकेट आहे, त्यांतून साध्या जोडणीनेच अ‍ॅनालॉग संकेत मिळतो, कारण तो कार्डाच्या आतच तयार झालेला असतो.

रूपांतरकात अंकीय संकेताचे अ‍ॅनालॉगमध्ये रूपांतर करणारी एक चिप असते. साधे रूपांतरक वेळेच्या आकड्यांत ढवळाढवळ करत नाहीत. जे आकडे आत येतील तेच बाहेर जातात. म्हणून वर दिलेला ९४.५ मेगाहर्ट्झचा मोड त्यांतून सहसा जातो, कारण तो त्यांच्या वरच्या मर्यादेच्या पुष्कळ खाली असतो. अडचण दुसऱ्याच ठिकाणी येते. मॉनिटरकडून ओळख मिळाली नाही की काही रूपांतरक स्वतःचीच एक ओळख संगणकाला देतात आणि मग कार्ड आपल्या मनाने १०२४ × ७६८ किंवा १९२० × १०८० बाहेर सोडते. म्हणून प्रथम रूपांतरकाला एखादा साधा बहुवारंवारतेचा मॉनिटर जोडावा, हाताने बनवलेला मोड लावावा, त्या मॉनिटरच्या माहितीपटात आडवी वारंवारता ६१.८ दिसते का ते पाहावे, आणि मगच जुना मॉनिटर जोडावा. खरे तर ही चाचणी कोणत्याही कार्डाबाबत करावी.

रूपांतरक संयुक्त सिंक देत नाहीत आणि हिरव्या संकेतात मिसळलेला सिंकही देत नाहीत. त्यामुळे एक्स-ऑरचा परिपथ बाहेर लावावाच लागेल, आणि त्यासाठीचे पाच व्होल्ट बहुधा यूएसबीतून घ्यावे लागतील. ज्यांना १५ किलोहर्ट्झचे, म्हणजे दूरदर्शन संचाच्या किंवा नाण्यावर चालणाऱ्या खेळयंत्रांच्या जातीचे मॉनिटर चालवायचे आहेत, त्यांनी या मार्गाला जाऊ नये. एचडीएमआयला किमान २५ मेगाहर्ट्झचा पिक्सेल क्लॉक लागतो, आणि १५ किलोहर्ट्झच्या साध्या मोडला तो त्याहून बराच कमी असतो. आडव्या दिशेचे बिंदू चौपट करून तो वाढवता येतो, पण मग प्रत्येक कार्यक्रम त्या विचित्र रिझोल्यूशनशी जुळवून घ्यावा लागतो.

प्रश्न : माझ्या मॉनिटरला मागे पाच बीएनसी सॉकेट, म्हणजे तार फिरवून बसवण्याच्या गोल जोडण्या, आहेत. जुने मॅट्रॉक्स कार्ड जोडल्यावर चित्र स्थिर येते, पण सगळा पडदा हिरवट दिसतो. नळी म्हातारी झाली का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : नाही. आपल्या कार्डात हिरव्या संकेतावर सिंक देण्याची सोय चालू आहे, असे दिसते. मॅट्रॉक्सच्या जी२०० आणि जी४०० या कार्डांचा लिनक्स ड्रायव्हर ‘सिंक ऑन ग्रीन’ हा पर्याय देतो आणि वर्कस्टेशनचे मॉनिटर जवळ असलेल्या लोकांनी ही कार्डे त्याचसाठी जपून ठेवली. रंगाचा संकेत ०.७ व्होल्टचा असतो. या पर्यायात हिरव्या तारेवर काळ्याच्याही खाली ०.३ व्होल्टचा सिंक जोडला जातो. मॉनिटर तो अपेक्षित नसताना आला तर हिरव्या रंगाची काळी पातळी चुकीच्या जागी धरली जाते आणि सगळा पडदा हिरवा पडतो.

तीन बीएनसी असलेल्या मॉनिटरला सिंक हिरव्यावरच लागतो, चार असतील तर चौथ्यावर संयुक्त सिंक, आणि पाच असतील तर आडवा व उभा सिंक वेगवेगळा देता येतो. आपल्याकडे पाच आहेत. तेव्हा तो पर्याय बंद करून दोन्ही सिंक आपापल्या सॉकेटला द्यावेत. मागे ७५ ओहमची कळ असेल तर ती चालू असावी, नाहीतर चित्र भडक आणि कडांना सावली असलेले दिसेल.

प्रश्न : माळ्यावर १९९० च्या सुमाराचा, संगणक वर्गातून विकत घेतलेला अंबर रंगाचा मोनोक्रोम मॉनिटर आहे. प्लग नऊ पिनांचा आहे. नऊ ते पंधरा पिनांचा अडॅप्टर लावून तो आजच्या कार्डावर चालवता येईल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : अडॅप्टर लावून अजिबात जोडू नये. येथे वर सांगितलेल्या युक्त्या लागू पडत नाहीत, कारण वारंवारता आणि संकेताचा प्रकार या दोन्ही गोष्टी निराळ्या आहेत. हर्क्युलिस किंवा एमडीए या जुन्या एकरंगी कार्डांच्या जातीच्या मॉनिटरची आडवी वारंवारता १८.४३ किलोहर्ट्झ आणि उभी ५० हर्ट्झ असते. त्याला लागणारा चित्रसंकेत अंकीय असतो, म्हणजे एका तारेवर बिंदू पेटलेला की विझलेला एवढेच आणि दुसऱ्या तारेवर तो अधिक उजळ की नाही एवढेच सांगितले जाते. आजच्या कार्डाचा ०.७ व्होल्टचा चढउतार त्याला वाचताच येत नाही. आयबीएमचा ५१५१ हा या जातीचा मूळ मॉनिटर. त्याच्यात आडव्या दिशेचा स्वतःचा आंदोलक नव्हता. कार्डाकडून येणारा सिंकच थेट झोत वळवण्याचे काम करायचा. चुकीचा सिंक देऊन तो बिघडवता येत असे, हे त्या काळातल्या प्रोग्रामरांना चांगले माहीत होते. पुढे इतर कंपन्यांनी काढलेल्या अंबर मॉनिटरांत आंदोलक असेलही, पण तो आहे असे धरून चालू नये.

सीजीए या जुन्या रंगीत कार्डाचे १५.७ किलोहर्ट्झचे आणि त्यानंतरच्या ईजीए कार्डाचे २१.८ किलोहर्ट्झचे मॉनिटरही नऊ पिनांचेच असतात, आणि त्यांनाही अंकीय संकेतच लागतो. म्हणून केवळ प्लग पाहून मॉनिटरची जात ठरवू नये. नळी एकरंगी आहे की बहुरंगी आणि मागे काय छापले आहे, ते पाहावे. बाजारात सीजीए ते व्हीजीए असे लिहिलेले जे परिपथ मिळतात ते जुन्या संगणकाचे चित्र नव्या मॉनिटरवर दाखवण्यासाठी आहेत. आपल्याला हवे आहे ते याच्या उलट.

हा मॉनिटर पाहायचाच असेल तर आयएसए खाच असलेला जुना एटी किंवा ४८६ संगणक आणि हर्क्युलिस जातीचे कार्ड मिळवणे हाच सरळ मार्ग आहे. एमडीए कार्डाला फक्त अक्षरे दाखवता येत. १९८२ साली आलेल्या हर्क्युलिस कार्डाने त्याच मॉनिटरवर ७२० × ३४८ बिंदूंचे चित्र काढण्याची सोय केली. ते बनवणाऱ्या व्हॅन सुवन्नुकुल यांना त्यावर थाई लिपी लिहायची होती. आपल्याकडे देवनागरीची गरजही तशीच होती. ती सी-डॅकच्या जिस्ट कार्डाने भागवली, आणि त्या कार्डामुळे इंग्रजीसाठी लिहिलेल्या मजकुराच्या कार्यक्रमांतही भारतीय लिप्या दिसू लागल्या. तेव्हा जुन्या कार्यालयाचा संगणक हाती आला तर त्यातले एकही कार्ड उघडून पाहिल्याविना भंगारात देऊ नये. नऊ पिनांचा सॉकेट आणि ६८४५ असा आकडा असलेली मोठी चिप दिसली तर ते हर्क्युलिस जातीचेच असेल असे नाही, ते सीजीए कार्डही असू शकते, कारण दोन्हींत तीच चिप वापरत. शेजारी प्रिंटरचा पंचवीस पिनांचा सॉकेट असेल तर ते मोनोक्रोम असण्याची शक्यता बरीच वाढते. तरीही मॉनिटर जोडण्याआधी त्या कार्डाच्या सिंकच्या पिनेवर वारंवारता मोजणाऱ्या मीटरने १८.४३ किलोहर्ट्झ येतात का, हे कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीच्या दुकानात तपासून घ्यावे.